कानांनी पाहिलेले अंगण

गेल्या वर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी गावी गेले ती अब्बांना मुंब्र्याला घेऊन येण्यासाठी. भाईजानने तसे बजावूनच पाठवले होते. अम्मीच्या इंतकालनंतर अब्बा त्या मोठ्या घरात एकटेच राहत होते. दोन वेळचे जेवण शेजारच्या चाची आणून देत. पण काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेलेला माणूस रात्री-अपरात्री पडला तर बघणार कोण, हा भाईजानचा प्रश्न होता आणि त्यात चुकीचे काहीच नव्हते. मुंब्र्याच्या फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी करून ठेवली होती. खाटही आणली होती.

दिव्याहून सकाळी सुटणाऱ्या सावंतवाडीच्या गाडीने मी माणगावला उतरले. तिथून एसटीने म्हसळा आणि पुढे रिक्षाने आमचे गाव. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर, मधे माड, सुपारी आणि कौलारू घरे. घरात आम्ही कोकणी बोलतो. अब्बांचे बोलणे इथे मी मराठीत लिहिते आहे.

अब्बांनी अठ्ठावीस वर्षे मालवाहू जहाजांवर इंजिन खात्यात काढली. काचबिंदू त्यांना कधी जडला, ते त्यांनाही कळले नाही. या दुखण्याची रीतच अशी की ते गाजावाजा न करता येते. बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही. आधी बाजूचे दिसणे कमी होते आणि समोरचे स्पष्ट दिसत राहते, त्यामुळे माणूस बेफिकीर असतो. गेलेली दृष्टी परत येत नाही. वेळीच समजले तर उरलेली वाचवता येते, एवढेच. म्हणून घरात कुणाला हा त्रास असेल तर बाकीच्यांनी चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब आणि आतली नस तपासून घ्यावी, हे जाता जाता सांगून ठेवते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या भागातल्या सुपारीच्या बागा त्या एका दिवसात झोपल्या. आमच्या अंगणातला आंबा मुळापासून उपटला गेला, फणस मोडला, विहिरीजवळचा पांगारा मधोमध तुटला. तेव्हा अब्बांना समोरचे थोडे दिसत होते. पुढच्या दीड-दोन वर्षांत तेही गेले. म्हणजे आपल्या अंगणाचे शेवटचे चित्र त्यांच्या मनात राहिले ते त्या पडझडीचे. हे माझ्या कधी लक्षातच आले नव्हते. ते अंगणात का उतरत नाहीत, याचे उत्तर मी "पडायची भीती" असेच धरून चालले होते.

पहिल्या सकाळी फजरनंतर आम्ही दोघे पडवीत चहा घेत बसलो. उजाडायचे होते. अंगणाच्या पलीकडून कुणीतरी लांब, गोड शीळ घालत होते. चार-पाच सूर, मग थांबा, मग पुन्हा, पण दर वेळी थोडे बदलून.

"हा कोण गं?" अब्बांनी विचारले.

मला सांगता आले नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते. पक्ष्यांचा आवाज गळ्यातून नव्हे, तर श्वासनलिका खाली जिथे दोन फाट्यांत विभागते तिथल्या एका अवयवातून निघतो. त्यामुळे काही पक्षी एकाच वेळी दोन वेगळे सूर काढू शकतात, हे मी मुलांना फळ्यावर आकृती काढून समजावते. आणि अंगणात कोण गातोय ते मला माहीत नव्हते. मी उठून पाहून आले. विजेच्या तारेवर एक काळा-पांढरा पक्षी शेपटी उभारून बसला होता. मोबाईलमध्ये 'मर्लिन' नावाचे मोफत अ‍ॅप होते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेने बनवलेले. ते आवाज ऐकून नाव सुचवते. त्याने नाव दाखवले: दयाळ.

"दयाळ," अब्बा म्हणाले. "नाव ठाऊक होतं. आवाज त्याचा आहे हे ठाऊक नव्हतं."

तिथून सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी मी उत्साहाने दहा-बारा पक्ष्यांचे आवाज मोबाईलवर ऐकवायला बसले, तर अब्बांनी हात वर केला. "एका दिवसाला एक. जहाजावर नव्या पोराला आम्ही सगळी मशिनं एकदम नाही दाखवायचो. एका पंपाजवळ उभा करायचो. त्याचा आवाज कानात बसला की पुढचा."

जे लोक पक्ष्यांचे आवाज शिकतात तेही शेवटी याच वाटेला येतात, असे मला पुढे वाचताना आढळले. रोज ऐकू येणारा एकच पक्षी आधी पक्का करायचा. त्याच्या तुलनेत दुसरा: त्याहून बारीक की जाड? सूर एकसारखा की चढत जाणारा? मधे थांबतो की सलग? जमिनीजवळून येतो की शेंड्यावरून? पहाटे की भर दुपारी? एवढ्या प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्मे काम होते. राहिलेले निम्मे शब्द करतात, कारण आवाजाला शब्द बांधले की तो विसरत नाही. आपल्या जुन्या माणसांनी हे कधीच करून ठेवले आहे. पावशा 'पेरते व्हा' म्हणतो. टिटवीचे तर नावच तिच्या ओरडण्यातून आले.

अब्बांची भाषा मात्र इंजिनाची. दुपारी बारा-एकच्या सुमाराला, सगळे पक्षी गप्प झाले की पांगाऱ्याच्या बाजूने 'टुक् टुक् टुक्' सुरू व्हायचे. एका लयीत, न थकता. अब्बा बोटाने खुर्चीच्या हातावर ठोके मोजत म्हणाले, "ही बिल्ज पंपाची चाल. पण पंप जागा बदलत नाही, हा बदलतोय."

तो तांबट होता. चिमणीएवढा हिरवा पक्षी, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका. तांबे ठोकणाऱ्या कारागिरावरून त्याला हे नाव मिळाले. आणि तो जागा बदलत नव्हता. तो बोलताना डोके इकडेतिकडे वळवतो, म्हणून आवाज कधी डावीकडून, कधी उजवीकडून आल्यासारखा वाटतो. मी दुर्बिणीशिवायच त्याला शोधून काढले. पांगाऱ्याच्या उभ्या राहिलेल्या अर्ध्या खोडाला एक वाळकी फांदी होती, तिला खालच्या बाजूने रुपयाएवढे गोल भोक, आणि त्यातून एक तोंड बाहेर डोकावत होते.

"अब्बा, पांगाऱ्यात त्याचं घर आहे."

"पांगारा?" अब्बा माझ्याकडे वळले. "पांगारा पडला ना वादळात?"

"अर्धा पडला. अर्धा उभा आहे. त्याला नव्या फांद्याही फुटल्यात."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चप्पल शोधू लागले.

मी हात धरून त्यांना विहिरीपर्यंत नेले. दोन वर्षांत ते पहिल्यांदाच तिथवर आले होते. त्यांनी दोन्ही हातांनी खोड चाचपले, तुटलेल्या भागाची धार, तिच्याखालून फुटलेल्या धुमाऱ्यांची जाडी, नवी पाने. वर तांबट गप्प झाला होता. घरट्याजवळ माणूस आला की पक्षी गप्प होतो, हे आम्ही त्या दिवशी शिकलो आणि मागे सरलो. पाच-सात मिनिटांनी पुन्हा 'टुक् टुक्' सुरू झाले. तांबट जिवंत, कणखर लाकूड पोखरू शकत नाही. त्याला वठलेली, मऊ पडलेली फांदी लागते. वादळाने ज्याला मोडले होते, नेमके त्याच झाडात त्याला राहायला जागा मिळाली होती.

त्यानंतर अब्बांनी एकेक झाड विचारायला सुरुवात केली. आंब्याच्या जागी आता काय? तिथे चाचींनी लावलेली पपई आणि आपोआप वाढलेला उंबर. उंबराला फळे? आहेत, म्हणून तर सकाळी तिथून 'कुटर्र, कुटर्र' असा गजर होतो. तो कुटुर्गा, तांबटाचाच मोठा भाऊबंद. कुंपणाच्या झुडपात एवढ्या जोरात 'टुविट टुविट' कोण करते? शिंपी, अंगठ्याएवढा पक्षी, पाने शिवून घरटे करणारा. गावाचा कलकलाट करत सातभाई पालापाचोळा उलटत जायचे. बांबूच्या बेटातून खोल, पोकळ 'कूप, कूप, कूप' यायचे, तो भारद्वाज. त्याला दुरून दुसरा उत्तर द्यायचा. मी डोळ्यांनी सांगत होते, ते कानांनी जागा ठरवत होते. आठ-दहा दिवसांत त्यांच्या मनातले पडलेले अंगण हळूहळू उभे राहिले.

गैरसमजही दुरुस्त झाले. कोकिळा गाते, असे आपण सगळेच म्हणतो. पण 'कुऊ, कुऊ' असा चढता सूर लावतो तो काळा, लाल डोळ्यांचा नर. मादी ठिपक्यांची, तपकिरी. ती नुसते 'किक् किक् किक्' करते. गाणे आणि हाक यांतला फरकही समजला. गाणे हे बहुधा विणीच्या दिवसांतले आणि बहुतेक वेळा नराचे: ही जागा माझी, आणि जोडीदार हवी, असा दुहेरी निरोप. हाक मात्र वर्षभर असते, नर-मादी दोघांची: इथे आहे, साप दिसला, शिक्रा आला. एकदा दयाळाचा गोड आवाज अचानक कर्कश, खरखरीत झाला, तेव्हा अब्बा म्हणाले, "इंजिनाचा सूर बदलला, जा बघ." जाऊन पाहिले तर भिंतीवर मांजर.

आमच्या टीममध्ये एक गंमत होती. जास्वंदीवर शिंजीर आणि फुलटोच्या यायचे. त्यांचा आवाज अगदी बारीक, सुईसारखा. मला स्पष्ट ऐकू येई, अब्बांना काहीच नाही. वर्षानुवर्षे मोठ्या आवाजात काम केले की कानांचे उंच सूर आधी जातात, तसे त्यांचे गेले होते. उलट रात्री दूरच्या डोंगरातून येणारा घुबडाचा घुमणारा आवाज त्यांना माझ्याआधी कळे. "तुझे डोळे, माझे कान, आणि बारीक आवाजाला पुन्हा तुझे कान," त्यांनी वाटणी करून टाकली.

एके दिवशी मी त्यांना सलीम अली यांच्याविषयी वाचून दाखवले. १८९६ साली मुंबईत जन्मलेले, लहानपणीच आईवडील गेलेले, मामांकडे वाढलेले. त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ती कोणती, हे विचारायला ते मुंबईतल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि आयुष्याची दिशाच ठरली. १९३० साली नोकरी नसताना ते आमच्याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या किहीमला राहत होते. तिथे त्यांनी सुगरण पक्ष्यांचे निरीक्षण केले. नर अर्धवट घरटे विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडले तरच तो ते पूर्ण करतो आणि मग दुसरे विणायला घेतो, हे त्यांनी एका जागी चिकाटीने बसून टिपले. अब्बांना त्यातले 'एका जागी बसून' फार आवडले. "म्हणजे बसून राहणं हेही काम आहे," ते म्हणाले. दृष्टी गेल्यापासून नुसते बसून राहावे लागते, ही त्यांची मोठी खंत होती.

संध्याकाळी मकतबातून सुटलेली मुले येऊ लागली. एका मुलीने हजरत सुलेमान (अ.) आणि हुदहुदची हकिकत सांगितली, जशी ती सूरह नमलमध्ये येते: पक्ष्यांची हजेरी घेताना हुदहुद गैरहजर, आणि मग तो सबा देशाच्या राणीची खबर घेऊन येतो. अब्बांनी विचारले, "तुमच्यापैकी हुदहुदचा आवाज कुणी ऐकलाय?" कुणीच ऐकला नव्हता. अब्बांनीही नाही. हुदहुद हे नाव त्याच्या आवाजावरूनच पडले आहे, हे मी सांगितले. तुरा उभारणारा, लांब चोचीचा हा पक्षी आपल्याकडे येतो, पण तो थंडीत. "मग थंडीत ऐकू, इन्शाअल्लाह," अब्बा म्हणाले आणि मी दचकले. माझे परतीचे आरक्षण जूनचे होते, दोघांचे.

मेच्या अखेरीला पावशा दिवसरात्र ओरडू लागला. सूर चढत चढत जातो आणि टोकाला पोहोचताच तुटतो. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, मगरिबच्या अजानच्या जरा आधी, मागच्या काजूच्या रानातून दोन सुरांची स्वच्छ शीळ आली. अब्बा ताठ बसले. नवीन पाहुणा. अ‍ॅपने नाव दिले: नवरंग. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढून, पावसाच्या तोंडावर तो विणीसाठी आपल्याकडे येतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला ठरल्या वेळी बोलतो, म्हणून तमिळमध्ये त्याला 'सहा वाजताचा पक्षी' अशा अर्थाचे नाव आहे. मी तीन दिवस त्याला पाहण्यासाठी रानात फिरले. इतके रंग अंगावर असूनही तो दिसला नाही. अब्बा हसले, "दिसला नाही म्हणून काय झालं? आला तर आहे ना?"

त्याच रानाच्या वरच्या अंगाला एका प्लॉटवर जेसीबी चालू होता. झाडे काढून लाल मातीचे टप्पे केले होते. त्या बाजूने संध्याकाळी काहीच ऐकू येत नसे. अब्बांना कुणी सांगितले नव्हते, त्यांनीच विचारले, "तिकडे डोंगर उघडा केलाय का?" गप्प झालेली बाजूही कानांना कळते.

भाईजानला फोन करणे सोपे नव्हते. "पक्ष्यांसाठी बापाला एकटं सोडून येणार?" तो म्हणाला. मला चांगले उत्तर सुचले नाही, आजही सुचत नाही. मी फक्त सांगितले की ते आता रोज अंगणात उतरतात. शेवटी असे ठरले: पडवीपासून विहिरीच्या कठड्याच्या अलीकडे पांगाऱ्यापर्यंत आणि दुसरीकडे फाटकापर्यंत कमरेच्या उंचीला दोर बांधायचा, विहिरीवर जाळी बसवायची, चाचींच्या मुलाने रात्री पडवीत झोपायचे आणि फजरला त्यांना मशिदीत न्यायचे. पावसाळ्यानंतर पुन्हा विचार. मी एकटीच परतले.

नोव्हेंबरच्या सुट्टीत भाईजान माझ्याबरोबर आला. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. तेच दिवस होते. दुसऱ्या सकाळी पडवीत चहा घेताना मोकळ्या कातळावरून हलके, पोकळ तीन ठोके आले, 'हुद-हुद-हुद'. अब्बांनी कप खाली ठेवला. भाईजानला काहीच कळले नाही. तो बोलत राहिला, तेव्हा अब्बांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला थांबवले. पुन्हा तीन ठोके. या वेळी त्यालाही ऐकू आले. निघताना तो एवढेच म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू."

ज्यांना घरी सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी आमचा अनुभव एवढाच: फजरनंतरची वीस मिनिटे, एकच जागा, एका वेळी एक आवाज. वहीत शब्दांत लिहून ठेवा. अ‍ॅपने सांगितलेले नाव डोळ्यांनी किंवा दुसऱ्या दिवशीच्या कानांनी तपासून घ्या, तेही चुकते. आणि विणीच्या दिवसांत पक्ष्यांना त्यांचाच आवाज मोबाईलवर लावून बोलावू नका. आपल्या हद्दीत दुसरा घुसला असे समजून तो पिल्ले सोडून भांडायला येतो. घरात वयस्कर माणूस असेल तर त्याला सोबत घ्या. त्याला काय येते, हे कदाचित तुम्हाला अजून कळले नसेल.

आता अब्बा रोज सकाळी फोन करतात आणि फोन अंगणाकडे धरतात. मला काहीच ऐकू येत नाही. फोनला पक्ष्यांचा आवाज म्हणजे बाजूचा गोंगाट वाटतो, तो गाळून टाकतो. मग अब्बा स्वतःच आवाज काढून दाखवतात आणि मी ओळखते.

परवा मुंब्र्यात भर दुपारी भाजी घेऊन येताना रिक्षांच्या गर्दीत मी थांबले. रस्त्याकडेच्या एका छाटलेल्या झाडावरून 'टुक् टुक् टुक्' येत होते. या रस्त्याने मी पंधरा वर्षे जाते-येते. संध्याकाळी मी अब्बांना सांगितले, "इथेही तांबट आहे."

पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, "खिडकीतून ऐकू येतो का?"

"उद्या बघून सांगते," मी म्हटले.